पाच सेंटिमीटर आणि सर्दीची एक गोळी

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या एका सीनियरने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! वर्गात मराठी बोललं की दंड. त्यामुळे आजही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला मनात एकदा तपासून घ्यावं लागतं. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. ज्या मैत्रिणीमुळे तो डोक्यात आला ती मराठी मीडियमची आहे, आणि मासिक हातात पडलं की ती आधी मराठी विभाग उघडते. तिचं नाव लिहीत नाही, पण तिला विचारून लिहितेय. तिच्याबद्दल पुढे सांगेन. आधी आंद्रेया रादुकानबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, ही कोण? रुमानियाची जिम्नॅस्ट म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, नादिया कोमानेची. १९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक, पर्फेक्ट टेन, आणि स्कोअरबोर्डवर १०.०० दाखवायची सोयच नसल्यामुळे झळकलेले १.००. क्विझमध्ये हा प्रश्न हमखास येतो. रादुकानवर मात्र मी आजपर्यंत एकही प्रश्न ऐकलेला नाही.

मला ती सापडली अपघातानेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या फायनलमध्ये चौथी आली, तेव्हा मी शाळेत होते. बाबांबरोबर रात्री टीव्हीसमोर बसून ती 'प्रोदुनोव्हा' उडी पाहिलेली आठवते. हॉस्टेलला आल्यावर एकदा सहज शोधलं, की ही प्रोदुनोव्हा होती तरी कोण. ती रशियाची जिम्नॅस्ट, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळलेली. म्हणून सिडनीचे व्हिडिओ लावले, आणि त्यात ही दिसली. जेमतेम पाच फुटांच्याही आतली, सदतीस-अडतीस किलोची, सोळा वर्षांची मुलगी. फ्लोअरवर अशी उड्या मारत होती, की गुरुत्वाकर्षण फक्त आपल्यासाठी असतं असं वाटावं!

आंद्रेया रुमानियाच्या पूर्वेकडच्या बर्लाद या गावची. पुढे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला देवा नावाच्या शहरातल्या राष्ट्रीय केंद्रात, ऑक्टाव्हियन बेलू आणि मारियाना बितांग या प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झाली. १९९९ च्या जागतिक स्पर्धेत, चीनमध्ये, तिने सांघिक आणि फ्लोअर अशी दोन सुवर्णपदकं मिळवली. सिडनीला रुमानियाने सांघिक सुवर्ण जिंकलं, त्यातही ती होतीच. आणि मग आला २१ सप्टेंबर २००० चा दिवस. वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेची, म्हणजे ऑल-अराउंडची फायनल. चारही प्रकार एकाच दिवशी करायचे, बेरीज ज्याची जास्त तो जगज्जेता.

त्या दिवशी त्या हॉलमध्ये दोन चुका झाल्या. माझा सगळा लेख या दोन चुकांवर आहे, म्हणून दोन्ही नीट सांगते.

पहिली चूक आयोजकांची. व्हॉल्टमध्ये धावत येऊन, स्प्रिंगच्या फळीवर उडी मारून, पुढच्या घोड्यावर हात टेकवून हवेत जायचं असतं. त्या काळी खरोखरच 'घोडा' म्हणावा असा लांबट आकार असायचा, आजचं रुंद टेबल नंतर आलं. हा घोडा १२५ सेंटिमीटरवर असायला हवा होता. तो लावला होता १२० वर! पाच सेंटिमीटर कमी. जगातल्या सर्वोत्तम मुली एकापाठोपाठ एक धडपडायला लागल्या. स्पर्धा जिंकेल असं जिच्याबद्दल सगळे बोलत होते ती रशियाची स्वेतलाना होर्किना आपटली. ब्रिटनच्या ॲनिका रीडरला दुखापत झाली आणि ती बाहेर गेली. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ॲलाना स्लेटरच्या लक्षात आलं की घोडा काहीतरी वेगळाच दिसतोय. मोजला. खरंच कमी. पण तोपर्यंत निम्मी स्पर्धा उरकली होती.

मग काय केलं? घोडा वर केला आणि सांगितलं, ज्यांनी चुकीच्या उंचीवर उड्या मारल्या त्यांना हवी असेल तर पुन्हा मारा. होर्किना तोपर्यंत खचून पुढच्या बार्सवरही पडली होती, तिला त्या 'पुन्हा'चा काडीचाही उपयोग नव्हता. स्पर्धा रद्द झाली नाही. निकाल लागला तो तसाच धरला गेला.

निकाल असा. आंद्रेया रादुकान ३८.८९३ गुण, सुवर्ण. सिमोना अमनार रौप्य, मारिया ओलारू कांस्य. तिघी रुमानियाच्या! आणि १९७६ च्या नादियानंतर हे पदक जिंकणारी आंद्रेया ही रुमानियाची पहिलीच.

दुसरी चूक अशी. आंद्रेयाला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरांनी, योआकिम ओआना यांनी, तिला नुरोफेनची सर्दीवरची गोळी दिली. त्या गोळीत सुडोएफेड्रिन असतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध. आणि ते तेव्हा ऑलिंपिकच्या बंदी असलेल्या यादीत होतं. मर्यादा होती लघवीच्या एका मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम. आंद्रेयाच्या नमुन्यात निघालं सुमारे ९०.

२६ सप्टेंबरला पदक काढून घेतलं. सुवर्ण अमनारला, रौप्य ओलारूला, कांस्य चीनच्या ल्यू श्वानला. आंद्रेया क्रीडा लवाद न्यायालयात गेली. २८ सप्टेंबरला अपील फेटाळलं. दोन दिवसांनी, ३० तारखेला, तिला सतरा वर्षं पूर्ण झाली... काय वाढदिवस झाला असेल, कल्पना करा!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तिने फसवणूक केली असं कोणीच म्हटलं नाही. गोळी डॉक्टरने दिली, तिने घेतली, हे सगळ्यांना मान्य होतं. सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तिच्याकडेच राहिलं, कारण त्या दिवशीच्या तिच्या चाचण्या स्वच्छ होत्या. लवादाने निकालातच म्हटलं, की एका तरुण आणि गुणी खेळाडूवर याचा काय परिणाम होईल याची आम्हाला जाणीव आहे, पण नियमात तडजोड नाही. पदार्थ शरीरात सापडला ना? मग बाकी काही विचारायचं नाही. कसा आला, कोणी दिला, फायदा झाला की नाही, याने पदकाच्या बाबतीत काहीही फरक पडत नाही.

आता इंजिनिअरिंगचं डोकं चालवून बघू. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी फायलिंग करून हात सोलून घेतलेत. जॉब सबमिट करायला गेलं की मामा व्हर्नियर लावायचे आणि शांतपणे म्हणायचे, "अंडरसाइज. परत कर." जाम राग यायचा. पण एकदा आमच्या बॅचच्या पाच-सहा जणांचे जॉब एकाच लेथवर सारखेच टेपर व्हायला लागले, तेव्हा मामांनी कोणालाच ओरडलं नाही. आधी लेथ तपासला. टेलस्टॉक सरकलेला होता. म्हणाले, "आधी मशीन बघायचं, मग पोराला बोलायचं." ड्रॉइंगमधल्या प्रत्येक मापाला आपण टॉलरन्स देतो. पण टॉलरन्स सगळ्यांना सारखा लागतो. कंपनीच्या मशीनला वेगळा आणि कामगाराच्या हाताला वेगळा, असं चालत नाही.

सिडनीत नेमकं तेच झालं. एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, एकाच स्पर्धेत. आयोजकांच्या पाच सेंटिमीटरच्या चुकीमुळे मुली पडल्या, एक जखमी झाली, सगळ्या स्पर्धेचा निकाल कदाचित बदलला. त्याला 'झालं गेलं, पुन्हा उडी मारा' एवढा टॉलरन्स. आणि सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या डॉक्टरच्या हातून घेतलेल्या सर्दीच्या गोळीला शून्य टॉलरन्स. व्यवस्थेने स्वतःची चूक स्वतःला माफ केली. मुलीची नाही केली. मला राग येतो तो याचा.

पण थांबा. दुसरी बाजू न मांडता मत देणं म्हणजे एकाच रीडिंगवर ग्राफ काढण्यासारखं आहे. आणि दुसरी बाजू खरोखर वजनदार आहे.

'डॉक्टरने दिली म्हणून घेतली' हे कारण एकदा मान्य केलं तर काय होईल? याचं उत्तर जगाने तोपर्यंत पाहून झालं होतं. पूर्व जर्मनीत १९७० च्या दशकापासून सरकारी योजना आखून हजारो खेळाडूंना हार्मोन्सच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात शाळकरी मुली होत्या, आणि अनेकींना 'व्हिटॅमिन आहे' असं सांगितलं जायचं. त्यांनीही विश्वासानेच घेतल्या. पुढे आयुष्यभर आजारपणं भोगली. त्या योजनेतला मुख्य क्रीडा अधिकारी मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं ते जुलै २००० मध्ये. म्हणजे सिडनीच्या फक्त दोन महिने आधी! अशा वेळी ऑलिंपिक समितीने 'डॉक्टरची चूक, मुलगी निर्दोष' म्हणून पदक ठेवलं असतं, तर पुढच्या प्रत्येक देशाने एक 'चुकणारा' डॉक्टर तयार ठेवला असता.

म्हणून कडक नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणत नाही. सुरुवातीला म्हणायचे, मग हे वाचलं आणि आठवडाभर माझं मतच बनेना.

शेवटी मला जे वाटतं ते असं. बर्लिनच्या खटल्याने दोन धडे शिकवले होते. एक, गोळी देणारे मोठे लोक असतात. दोन, म्हणून शिक्षाही त्यांनाच व्हायला हवी. सिडनीने पहिला धडा घेतला आणि दुसरा अर्धवट सोडला. डॉ. ओआना यांना स्पर्धेतून हाकललं, पुढच्या दोन ऑलिंपिकसाठी बंदी घातली. ठीक. पण पदक मुलीचं गेलं, आणि ती बंदी कधीतरी संपणार होती, पदक मात्र कायमचं. घोडा खाली लावणाऱ्यांचं काय गेलं? सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात त्या सगळ्या गोष्टींपैकी होतं काय? काय खायचं, कधी झोपायचं, कोणती गोळी घ्यायची, हे प्रशिक्षक आणि डॉक्टर ठरवत होते. डॉक्टरांवर विश्वास ठेवणं हेच तिच्याकडून अपेक्षित होतं. तिने तेवढंच केलं.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. २००४ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने सुडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढून टाकलं! फक्त लक्ष ठेवायच्या यादीत ठेवलं. मग २०१० मध्ये पुन्हा बंदी आणली, पण मर्यादा ठेवली एका मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅम. आंद्रेयाचे सुमारे ९०. म्हणजे तोच नमुना २०१० च्या नियमाने तपासला असता तर ती पास झाली असती. गोळी तीच, शरीर तेच, आकडा तोच. बदललं फक्त आपलं कोष्टक.

२०१५ मध्ये तिने पदक परत मागितलं. नाही म्हणाले. त्या वेळी तो नियम होता, निकाल लागला, विषय संपला. कायद्याच्या भाषेत हे बरोबरही असेल. पण आपल्याकडे एखादं कोडबुक सुधारलं तर निदान जुन्या पुलाची पुन्हा पाहणी तरी करतात. 'तेव्हाच्या कोडप्रमाणे बांधलाय, आम्ही बघणार नाही,' असं म्हणून कोणी फाइल बंद करत नाही.

मग आंद्रेयाचं पुढे काय झालं? मला वाटलं होतं ती खचली असेल, खेळ सोडला असेल. तर नाही! पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, बेल्जियममधल्या गेंट शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने सांघिक, बीम आणि फ्लोअर अशी तीन सुवर्णपदकं मिळवली. कोणाशी भांडण नाही, काही नाही. फक्त आली आणि जिंकून गेली. हे ना, मला सॉलिड आवडलं. २००२ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर टीव्हीवर दिसू लागली, स्पर्धांचं समालोचन केलं, 'मेडलची दुसरी बाजू' अशा अर्थाच्या नावाचं आत्मचरित्र लिहिलं. २०१७ मध्ये ती थेट रुमानियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाची अध्यक्ष म्हणून निवडून आली. विशीतल्या-तिशीतल्या ज्या माणसांना देशाचा संघ सांभाळायला मिळतो, त्यांच्यात ही, जिच्या नावापुढे ऑलिंपिकच्या कागदावर 'अपात्र' लिहिलंय! ते पद तिने नंतर सोडलं. २०१९ मध्ये तिच्यावर 'द गोल्डन गर्ल' नावाचा माहितीपट आला, तो त्या हरवलेल्या पदकाच्या मागेच फिरतो. म्हणजे तीन सुवर्णं, पुस्तक, टीव्ही, अध्यक्षपद, सगळं झालं तरी वीस वर्षांनी विषय निघतो तो त्या एका गोळीचाच.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल.

ती माझी रूममेट. मी ऑटोमोबाइलला, ती मेकॅनिकलला. सेकंड इयरला आमचा दोघींचा थर्मोचा पेपर दोन दिवसांच्या अंतराने होता, माझा आधी. थर्मोला स्टीम टेबल्सचं पुस्तक न्यायची परवानगी असते, हे तुम्हाला माहीतच आहे. माझं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं, चाळीस रुपयांचं. शेवटच्या पानावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने बारीक अक्षरात रँकिन सायकलचे दोन-तीन फॉर्म्युले लिहून ठेवले होते. मला ते दिसले होते. खोडायचा कंटाळा केला. तसंच पुस्तक घेऊन मी पेपर दिला, कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या रूममेटला तिचं पुस्तक सापडेना. मी म्हटलं, "माझं ने ना." बस, एवढंच. मी अर्धी झोपेत होते.

तिच्या पेपरला भरारी पथक आलं. त्यांनी पुस्तकं चाळली. शेवटचं पान उघडलं. कॉपी केस.

मी कमिटीसमोर गेले. सांगितलं, पुस्तक माझं आहे, अक्षर माझंही नाही आणि तिचंही नाही. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. एक मॅडम तर फारच चांगल्या बोलल्या, म्हणाल्या, "आम्हाला कळतंय गं." पण नियमात लिहिलंय, 'परीक्षार्थीच्या ताब्यात'. ताब्यात सापडलं ना? मग बाकी काही विचारायचं नाही. तिचा तो पेपर रद्द झाला. मला काहीच झालं नाही.

आणि ऐका. त्याच पेपरात एका प्रश्नात प्रेशरची किंमत छापायचीच राहून गेली होती. पोरं तासभर डोकं खाजवत बसली. नंतर निर्णय झाला, ज्यांनी तो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय त्या सगळ्यांना पूर्ण मार्क. ज्याने पेपर काढला त्याला काय झालं, कोणालाच माहीत नाही. पेपरची चूक झाली तर सर्वांना मार्क, पोरीची चूक झाली तर शून्य. सिडनीचा तो व्हिडिओ मी त्याच आठवड्यात पाहत होते. पाच सेंटिमीटर आणि एक गोळी. माझ्या अंगावर काटा आला.

फरक फक्त एवढा, की या गोष्टीत गोळी देणारी मी होते.

रूममेटने पुढच्या वेळी तो पेपर दिला आणि चांगल्या मार्कांनी काढला. पण आता तिच्या मार्कशीटवर एक डेड बॅकलॉग आहे, आणि पुढच्या वर्षी प्लेसमेंटला येणाऱ्या काही कंपन्या 'नो बॅकलॉग हिस्ट्री' असं लिहूनच येतात. तिथे फॉर्मवर कारण लिहायला जागा नसते. ती मला कधीच काही बोलली नाही. मी हा लेख लिहू का विचारलं, तर म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस." म्हणून सांगते, ती बिचारी वगैरे अजिबात नाही. आमच्या मजल्यावर आजही थर्मोची शंका असली की सगळ्या तिच्याकडेच जातात. त्यात मीही असते.

जाता जाता पॅरिसचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही फक्त जुन्या गोष्टी उकरते. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये, फ्लोअरच्या फायनलमध्ये, रुमानियाची आना बर्बोसू कांस्य मिळालं असं समजून झेंडा घेऊन उभी होती. तेवढ्यात अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सच्या प्रशिक्षकांनी गुणांवर हरकत घेतली, चाइल्सचे ०.१ गुण वाढले आणि ती पुढे गेली. बर्बोसू रडत बाहेर पडली. मग प्रकरण त्याच क्रीडा लवाद न्यायालयात गेलं, आणि निघालं की हरकतीसाठी एक मिनिटाची मुदत होती, ती चार सेकंदांनी उशिरा घेतली गेली. चाइल्सचं पदक गेलं, बर्बोसूला बुखारेस्टमध्ये कांस्य मिळालं. चाइल्सने पुढे स्विस न्यायालयात दाद मागितली. या वेळी कडक नियमाचा फायदा रुमानियाला झाला, हा योगायोग बघा. पण नीट पाहिलं तर चित्र तेच आहे. मुदत चुकवली प्रशिक्षकांनी, ती स्वीकारली अधिकाऱ्यांनी. भर मैदानात एक मुलगी रडली आणि पाच दिवसांनी दुसरी. चूक मोठ्यांची, पदक पोरींचं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. नियम कडक असू द्या, पण सगळ्यांसाठी कडक असू द्या. ज्याच्या हातात जास्त अधिकार, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. व्यवस्थेने चूक केली तर तिलाही काहीतरी किंमत मोजावी लागू द्या. आणि नियम बदलला की जुन्या निकालांकडे एकदा तरी मागे वळून बघा. सगळं उलटवा असं नाही, पण बघा तरी.

आपल्या कॉलेजपुरतं सांगायचं तर दोन साध्या गोष्टी करता येतील. एक, थर्मोच्या पेपरला स्टीम टेबल्स कॉलेजनेच द्यावीत आणि पेपर संपला की परत घ्यावीत. शंभर-दीडशे पुस्तकांचा खर्च फार नाही. दोन, तोपर्यंत सुपरवायझरने पेपर सुरू व्हायच्या आधी पुस्तकं तपासून बघावीत. नंतर येऊन पकडण्यापेक्षा आधी येऊन थांबवणं सोपं असतं. मामा म्हणतात तसं, आधी मशीन बघायचं. मी याचा अर्ज प्राचार्यांच्या नावाने लिहून ठेवलाय. मराठीतच. रूममेटने त्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. सही करायची असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये किंवा कँटीनमध्ये मला गाठावं.

आणि तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. पुस्तक कोणाला देण्याआधी त्याचं शेवटचं पान बघा. पेन्सिलीचं असेल तर खोडायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.